रुमालाखालचा भाव आणि पडद्यावरचा भाव

बारामतीहून मोरगाव ओलांडून चौफुल्याच्या रस्त्याला लागले म्हणजे सुपे येते. शहाजीराजांच्या जहागिरीतील परगण्याचे हे एके काळचे ठाणे. आज पंचक्रोशीत त्याचे नाव निघते ते चिंचेच्या बाजारामुळे. फाल्गुनाच्या सुमारास जिरायती पट्ट्यातील बांधाबांधावरची झाडे झोडली जातात, आणि काही अखंड, काही फोडून चिंचोके काढलेली अशी चिंच पोत्यांत भरून येथील उपबाजाराच्या आवारात येऊन पडते. मागे एकदा या आवारात उभा असताना एका खरेदीदाराची माल पाहण्याची रीत मी बराच वेळ न्याहाळीत होतो. पोत्याच्या तोंडाशी मांडलेल्या देखण्या मालाकडे ढुंकूनही न पाहता तो कोपरापर्यंत हात आत घालून तळची मूठभर चिंच वर काढी, अंगठ्याने दाबून ओल अजमावी, उन्हाकडे धरून रंग पाही, आणि मग एक आकडा उच्चारी. त्या एका आकड्यात मालाची प्रत, त्याच्या स्वतःच्या गिऱ्हाइकांची निकड, आवारातील त्या दिवशीची एकूण आवक आणि समोरच्या म्हाताऱ्या विक्रेत्याला माल परत नेण्याचे भाडे परवडेल की नाही याचा अदमास, एवढे सगळे सामावलेले असे. विकणाऱ्यापाशी मात्र यांपैकी एकाच गोष्टीचे ज्ञान होते, ते म्हणजे आपल्या पोत्यात काय आहे याचे.

ज्याच्याजवळ माल आहे त्याला गरजवंत सापडावा आणि ज्याला गरज आहे त्याला मालधनी सापडावा, यासाठी संगणकाच्या जाळ्यावर ज्या व्यवस्था उभ्या राहिल्या आहेत, त्यांची ओळख आता खेड्यापाड्यांतही नवी राहिलेली नाही. वधूवरांची स्थळे, भाड्याच्या खोल्या, शहरातील रिक्षा, जुने ट्रॅक्टर, दुभत्या म्हशी, सगळ्यांची देवघेव मोबाइलच्या पडद्यावरून जुळविली जाते. परंतु बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या दृष्टीने ज्या देवघेवीवर घरातील लग्नकार्ये आणि मुलांची शिक्षणे अवलंबून असतात ती शेतमालाची. आणि म्हणून या नव्या व्यवस्थेची खरी कसोटीही बाजार समितीच्या आवारातच लागावयाची आहे.

भाव ठरविण्याची जुनी तऱ्हा कशी होती, हे आमच्या पिढीने वडीलधाऱ्यांच्या तोंडूनच ऐकले. तिला हत्ता पद्धत म्हणत. आडत्या आणि खरेदीदार एकमेकांचे हात हातात घेत, वर रुमाल किंवा उपरण्याचा पदर टाकीत, आणि त्या आच्छादनाखाली बोटे दाबून भावाची बोलणी करीत. ज्याचा माल विकला जात होता तो शेतकरी दोन हातांवर उभा असे. त्याला त्या रुमालाची हालचाल दिसे, भाव दिसत नसे. सौदा तुटल्यावर जो आकडा सांगितला जाई तो त्याने मानावयाचा, आणि पुढे त्यातून आडत, हमाली, तोलाई, वाराई, कडता अशी वजावट होऊन जी पट्टी हातात पडे ती घेऊन गाडी जुंपावयाची. वऱ्हाडात 1897 साली कापूस आणि धान्य यांच्या बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला, मुंबई इलाख्यात 1939 साली सर्व शेतमालाच्या बाजारांचा कायदा आला, आणि पुढे महाराष्ट्र राज्याने 1963 चा कृषी उत्पन्न पणन अधिनियम केला, तो सारा खटाटोप मुख्यतः त्या रुमालासाठी होता असे म्हटले तरी चालेल. भाव सर्वांसमक्ष उघड लिलावाने निघावा, वजन परवानाधारक मापाड्याने करावे आणि वजावटीची बाब लेखी असावी, एवढ्या तीन साध्या गोष्टी पदरात पडण्यासाठी शेतकऱ्याला कित्येक दशके वाट पाहावी लागली.

रुमाल गेला, तथापि भिंत राहिली. उघड लिलाव झाला तरी तो आवाराच्या भिंतीच्या आतला. त्या दिवशी आवारात पाच खरेदीदार हजर असतील तर मागणी पाचांचीच. आणि त्या पाचांनी आदल्या रात्री एकत्र बसून चहा घेतला असेल तर मागणी एकाचीच. पन्नास कोसांवरच्या गिरणीवाल्याला नेमका हाच हरभरा हवा असला, तरी त्याची हाक येथवर पोहोचत नव्हती.

ही हाक पोहोचावी म्हणून केंद्र सरकारने 14 एप्रिल 2016 रोजी, आंबेडकर जयंतीच्या दिवशी, राष्ट्रीय कृषी बाजार, म्हणजेच लोकांच्या तोंडी बसलेले ‘ई-नाम’, सुरू केले. आरंभी आठ राज्यांतील 21 बाजार त्यात होते; मे 2020 पर्यंत ही संख्या 1,000 वर गेली. राज्यांना त्यात सामील होण्यासाठी तीन अटी घातल्या होत्या: साऱ्या राज्यात चालेल असा एकच परवाना, बाजार फीची एकाच ठिकाणी एकदाच वसुली, आणि संगणकीय लिलावास कायद्याची मान्यता. या अटी वाचावयास रुक्ष वाटतात खऱ्या, पण एका गावच्या परवान्यावर दुसऱ्या गावचा माल घेता येणार नसेल तर तारांचे जाळे कितीही विणले तरी ते गळ्यातील दागिन्यासारखे शोभेचेच ठरले असते.

बारामतीच्या बाजार समितीनेही हा मार्ग स्वीकारला. त्याचा क्रम असा: गाडी फाटकातून आत येताना शेतकऱ्याचे नाव, गाव, जिन्नस, अंदाजी वजन आणि बँकेचे खाते यांची नोंद होते व त्याच्या ढिगाला एक क्रमांक मिळतो, त्याला सगळे ‘लॉट’ म्हणतात. पोत्यात लोखंडी नळी खुपसून काढलेला नमुना प्रयोगशाळेत जातो. ओल किती, काडीकचरा किती, फुटका वा किडका दाणा किती, याचा दाखला तयार होऊन त्या क्रमांकाला जोडला जातो. ठरलेल्या मुदतीत परवानाधारक खरेदीदार आपापल्या मोबाइलवरून वा संगणकावरून बोली लावतात. मुदत संपली की सर्वांत वरची बोली जाहीर होते, तिचा संदेश शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतो, आणि ती त्याला पसंत असेल तर वजन, सौदापट्टी व बँकेतून रक्कम हे पुढचे सोपस्कार होतात. पसंत नसेल तर नाकारण्याचा अधिकार त्याला आहे.

अशाच एका आवारात एक वयस्क शेतकरी आपल्या नातवाच्या वयाच्या कर्मचाऱ्याजवळ उभा राहून पडद्याकडे डोळे बारीक करून पाहत होता.

“भाव लावला कुणी रं ह्यो?” त्याने विचारले.

“नाव दिसत न्हाई तात्या, आकडा तेवढा दिसतो.”

“म्हंजी तोंड बघून भाव न्हाई म्हण की,” म्हातारा म्हणाला, आणि थोडा वेळ तसाच उभा राहिला.

या एका वाक्यात त्याने व्यवस्थेचे मर्म सांगितले. माणसाची गरज त्याच्या तोंडावर लिहिलेली असते, आणि भाव पाडणाऱ्याला ती वाचता येते. पडद्याला ती वाचता येत नाही.

या व्यवस्थेचे सामर्थ्य जेथे सर्वांत स्वच्छ दिसते तो जिन्नस मात्र धान्य नव्हे. तो आहे रेशमाचा कोष. तुतीचा पाला कापून आणणे, अळ्यांना दिवसातून नेमाने घालणे, कोष बांधावयाच्या वेळी अळ्यांना आधार म्हणून चंद्रिका मांडणे, हे काम घरातील बायकामाणसांच्या अहोरात्र श्रमांवर चालते. आणि एवढे करून पीक हाती आले की घड्याळ उलटे धावू लागते. कोषाच्या आत जीव असतो. थोड्याच दिवसांत पतंग कोष भेदून बाहेर येतो, धागा तुटतो, आणि भेदलेल्या कोषाला सूत काढणाऱ्याच्या लेखी फारशी किंमत उरत नाही. असा मुदतबंद माल घेऊन महाराष्ट्रातील रेशीम उत्पादक वर्षानुवर्षे कर्नाटकातील रामनगरच्या बाजाराला जात आले. रात्रभराचा प्रवास, परकी भाषा, अनोळखी दलाल, आणि भाव न पटला तर माल परत आणण्याची सोयच नाही. इतक्या लांब जाऊन जो विकावयास उभा राहतो तो मुळातच हरलेला असतो, असे मला वाटते. बारामतीच्या आवारात कोषांची बाजारपेठ उघडली आणि त्यांची विक्री ई-नामच्या मार्गाने होऊ लागली, याचे महत्त्व केवळ वाचलेल्या भाड्यात मोजू नये. आपल्या गावाच्या हाकेवर उभे राहून विकणारा आणि परमुलखात उभे राहून विकणारा हे दोघे एकच भाव ऐकूनही निरनिराळी उत्तरे देतात.

नाशवंत मालाचा हा पेच इंदापूर तालुक्याला तर पाचवीला पुजलेला. भीमेवर उजनीचे धरण झाले, त्याच्या फुगवट्याखाली या तालुक्याच्या काठची गावे आणि काळीभोर जमीन गेली, आणि जेथे ज्वारी उभी राहत असे तेथील पाण्यावर माशांचा धंदा उभा राहिला. भिगवणला या मासळीचा लिलाव चालतो. चिलापी, कटला, रोहू, मरळ अशी मासळी बर्फाच्या खोक्यांत येते, ढीग लागतात, बोली फुटते, आणि काही तासांत ती पुण्याच्या वा त्याहून दूरच्या रस्त्याला लागते. या धंद्यात ‘आज भाव नाही, उद्या विकू’ ही भाषाच संभवत नाही.

मासळी आणि निरोप यांचा संबंध किती निकटचा आहे, याचा एक सुंदर अभ्यास केरळच्या किनाऱ्यावर झालेला आहे. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने 2007 साली तो प्रसिद्ध केला. 1997 ते 2001 या काळात त्या किनाऱ्यावर टप्प्याटप्प्याने मोबाइल आले. त्यापूर्वी होडी आपापल्या गावच्या किनाऱ्यालाच लागे. तेथे तारली अधिक झाली तर ती समुद्रात टाकून द्यावी लागे, आणि त्याच सकाळी काही कोसांवरच्या दुसऱ्या किनाऱ्यावरून गिऱ्हाइके रिकाम्या टोपल्या घेऊन परतत. दोघेही एकमेकांना शोधीत होते, आणि मध्ये केवळ निरोपाचा अभाव होता. मोबाइल आल्यावर कोळी समुद्रातूनच विचारू लागले की आज मागणी कोठे आहे. जेन्सनच्या हिशेबाप्रमाणे मासळी टाकून देणे जवळजवळ थांबले, कोळ्यांचा नफा सुमारे 8 टक्क्यांनी वाढला, आणि गिऱ्हाइकाला मासळी सुमारे 4 टक्के स्वस्त पडली. एकाचा लाभ तो दुसऱ्याचा तोटा, ही बाजाराविषयीची आपली जी सर्वसाधारण समजूत, तिला हा पुरावा धक्का देतो: वाया जाणारे वाचले की दोन्ही तागड्यांत थोडे थोडे पडते.

एवढ्यावरून कोणी असे अनुमान काढील की निरोप पोहोचविला म्हणजे काम झाले, तर ते घाईचे होईल. तारली ही तारली असते. डाळिंबाचे तसे नाही. इंदापूर तालुक्यातील डाळिंबाचे एक फळ वरून लालबुंद, आतून काळे पडलेले निघू शकते. द्राक्षाच्या पेटीत वरचा घड आणि खालचा घड यांत जमीनअस्मानाचे अंतर असू शकते. दूर बसलेला खरेदीदार हे जाणतो, आणि हात घालून पाहता येत नाही म्हणून सावधगिरीने बोली कमी लावतो. बोली कमी येते म्हणून चांगल्या मालाचा धनी तेथे जाईनासा होतो. मग जे उरते ते खरोखरच हलके असते, आणि खरेदीदाराचा संशय आपोआप खरा ठरतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन हे दुष्टचक्र मांडले, आणि 2001 साली ज्या तिघांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले त्यांत ते होते. सुप्याच्या त्या खरेदीदाराचा कोपरापर्यंत पोत्यात गेलेला हात, हाच या सिद्धान्ताचा मराठी अनुवाद म्हणावयाचा.

म्हणून मला ई-नामच्या सगळ्या यंत्रसामग्रीत पडद्यापेक्षा ती लोखंडी नळी आणि नमुन्याची छोटी प्रयोगशाळा अधिक मोलाची वाटते. ज्या दाखल्यावर लातूरच्या वा इंदूरच्या माणसाने न पाहता विश्वास ठेवावयाचा, तो दाखला काटेकोर, त्वरित आणि निःपक्षपाती असेल तरच भिंत पडेल. प्रत्यक्षात आज बहुतेक बाजारांत बोली लावणारे त्याच आवारातले खरेदीदार असतात, आणि परराज्यातील, किंबहुना शेजारच्या बाजारातील खरेदी एकूण उलाढालीच्या मानाने अल्पच असते. याचे खापर तंत्राच्या माथी फोडणे मला रास्त वाटत नाही. हंगामात एका दिवशी शेकडो ढीग येत असता नमुने तपासणारे हात दोनच असतील, तर तपासणी नावापुरती होते, खरेदीदार पुन्हा आवारात फेरी मारून डोळ्यांनी माल पाहतो, आणि मग जागेवर येऊन मोबाइलवर तीच बोली लावतो जी त्याने एरवी तोंडाने लावली असती. माल नेण्याच्या गाडीचाही प्रश्न असतो. 17 एप्रिल 2020 रोजी, टाळेबंदीच्या ऐन कठीण दिवसांत, माल आणि मालमोटार यांची गाठ घालण्यासाठी ‘किसान रथ’ नावाचे ॲप काढले गेले ते याच जाणिवेने.

आता राहिला आडत्या. त्याच्याविषयी दोन शब्द न्यायाने बोलले पाहिजेत, कारण या व्यवस्थेची अर्धी चर्चा त्याला खलपुरुष ठरवूनच सुरू होते. महाराष्ट्रात जुलै 2016 मध्ये फळे व भाजीपाला यांवरील आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय झाला, आणि तो योग्यच होता. परंतु आडत्या हा निव्वळ गाठ घालून देणारा कधीच नव्हता. मृगाच्या तोंडावर बियाण्याला पैसे हवेत, मुलीच्या लग्नाची तिथी धरली आहे, बैल बसला आहे, अशा वेळी तारणाशिवाय आणि कागदाशिवाय उचल देणारा तोच. खरेदीदाराने पैसे थकविले तरी शेतकऱ्याची पट्टी संध्याकाळी चुकती करणाराही पुष्कळदा तोच. या उपकाराची किंमत तो भावात वसूल करून घेतो हे खरे. ज्याची उचल घेतली त्याच्याच दुकानी माल उतरविण्याचे बंधन अलिखित असते, आणि त्या बंधनात सापडलेल्याला पडद्यावर शंभर बोली आल्या तरी त्यांचा उपयोग नाही. आमच्या स्वतःच्या घरी एका साली असेच घडले. तूर चांगली पिकली होती, भाव चढतील असे सगळे सांगत होते, परंतु उचल डोक्यावर होती. सुगीच्या भरात, सगळ्यांत पडत्या भावाला, ती एका दुकानी उतरवावी लागली. त्या वेळी आम्हाला भाव माहीत नव्हता असे नाही. तो उत्तम माहीत होता.

हीच गोष्ट मला या संपूर्ण विषयात कळीची वाटते. नाकारण्याचा अधिकार ई-नामने शेतकऱ्याला कागदोपत्री दिला आहे, आणि गाठ घालून देणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेचा तो प्राण आहे. स्थळ नाकारता येत नसेल तर वधूवर मंडळाचा उपयोग काय? परंतु नाही म्हणण्यासाठी गाठीला चार पैसे लागतात, आणि ते पैसे पडदा देत नाही. आपल्या भागातील उसाकडे पाहावे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर यांसारख्या कारखान्यांनी या दोन तालुक्यांचे रूप पालटले, आणि उसाला बोली नसतानाही शेतकरी ऊसच लावतो. कारण पाण्याइतकेच हेही आहे की उसाची नोंद झाली म्हणजे गिऱ्हाईक ठरलेले असते आणि त्या नोंदीवर सोसायटीचे कर्ज मिळते. शेतकऱ्याने भावाच्या चढउतारापेक्षा हमीची निवड केली, यात त्याचे अज्ञान नाही, अनुभव आहे.

सुदैवाने आडत्याच्या उचलीला पर्याय ठरेल अशी एक तरतूद आपल्याकडे या पडद्यापेक्षा पुष्कळ जुनी आहे. राज्य कृषी पणन मंडळ 1990-91 सालापासून बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण कर्ज योजना चालवीत आले आहे. तूर, मूग, उडीद, सोयाबीन, हरभरा असा माल समितीच्या गोदामात ठेवला, की त्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम 180 दिवसांच्या मुदतीने, वार्षिक 6 टक्के व्याजाने उचलता येते. माल गोदामात राहतो, घरची नड भागते, आणि भाव सुधारला म्हणजे तोच माल फाटकावर नोंदवून बोलीला लावता येतो. ज्या दिवशी ही गोदामाची पावती आणि तो ई-नामचा क्रमांक एकाच शेतकऱ्याच्या खिशात असतील, त्या दिवशी रुमाल खऱ्या अर्थाने उचलला जाईल, असे माझे मत आहे.

तेव्हा बारामती, इंदापूर आणि आसपासच्या वाचकांना माझी विनंती आहे. तूर खळ्यावर येण्याची वाट न पाहता, आपल्या समितीच्या कचेरीत जाऊन तारण योजनेसाठी गोदामात जागा आहे का, सात-बाराच्या उताऱ्याखेरीज कोणते कागद लागतात, याची चौकशी आताच करून ठेवावी. आणि माल बोलीला लावाल तेव्हा आपल्या ढिगाच्या तपासणीचा दाखला मागून घ्यावा, घरातील शिकत्या मुलाकडून तो मोठ्याने वाचून घ्यावा, आणि मगच आलेल्या भावाला हो म्हणावे.